आधीच्या मालकाची करामत

"फोर बाय फोर आहे, पण लावू नका. लावलं की अडखळते." जीप विकणाऱ्यानं हे इतक्या सहज सांगितलं, की एखादी म्हैस डाव्या बाजूनं दूध काढू देत नाही, एवढीच काय ती बाब असावी. पुढच्या चाकांकडं ताकद नेणारा शाफ्ट मागच्या बाकाखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता. चार चाकांनी ओढायची गाडी दोन चाकांवर चालत होती, आणि आरसी बुकात चौथा मालक म्हणून आता माझं नाव लागणार होतं.

डिप्लोमाच्या पोरांना बावीस वर्षं यंत्रशास्त्र शिकवल्यावर आपल्याला यंत्रातलं कळतं असा माणसाचा समज होतो. तो समज या जीपनं पहिल्या आठवड्यातच उतरवला. बॅटरीच्या निगेटिव्हपासून गिअरबॉक्सच्या एका बोल्टाला आणलेली एक वायर मला दिसली. लाल रंगाची, घरातल्या वायरिंगची, दोन्ही टोकांना नुसतीच पिळलेली. बघूनच अंगावर काटा आला. मी ती कापून टाकली आणि हात पुसत उठलो. दुसऱ्या दिवशी चावी फिरवली तर स्टार्टर रडला, फिरला नाही, आणि बॉनेटखालून धूर निघाला. धूर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून येत होता.

कारण साधं होतं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून कंपनी इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याच्या विणीचा जाड पट्टा देते. डिझेल इंजिनाचा स्टार्टर पहिल्या झटक्याला काही शे अँपिअर ओढतो. तो प्रवाह बॅटरीकडं परत जातो तो याच पट्ट्यातून. माझ्या जीपचा पट्टा केव्हातरी तुटून गेला होता. कुणीतरी त्याच्या जागी ती लाल वायर जोडली होती. ती तोडल्यावर विजेला इंजिनाकडून बाहेर पडायला उरला तो ॲक्सिलरेटरच्या केबलचा बारीक पोलादी दोर, आणि एवढा प्रवाह त्याला झेपेना. म्हणजे ज्याला मी अडाणी समजत होतो, त्यानं आजार बरोबर ओळखला होता. औषध मात्र हाताला लागलं ते दिलं होतं.

त्या दिवसापासून मी एक शिस्त लावून घेतली. जुन्या गाडीवरची कुठलीही वेडीवाकडी दुरुस्ती हे कुठल्यातरी तक्रारीचं उत्तर असतं. उत्तर चुकलेलं असेल, पण तक्रार बहुतेक वेळा खरी असते. म्हणून ठिगळ काढायच्या आधी फोटो घ्यायचा, वायरीला चिठ्ठी बांधायची, आणि स्वतःला विचारायचं: हे करायची त्याला गरज का पडली?

आता त्या अडखळणाऱ्या फोर बाय फोरकडं येतो, पण त्याआधी या गाडीचं घराणं सांगायला हवं, कारण दुखण्याचं मूळ तिथंच आहे. ही जीप सीजे-३बी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या टोलेडोची विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक लष्करी जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर तीच गाडी शेतकऱ्यांना विकायला काढली. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप. १९५३ साली आलेल्या ३बीचं बॉनेट उंच आहे, कारण तिच्या हरिकेन इंजिनात इनटेकचे व्हॉल्व्ह ब्लॉकमधून उचलून हेडमध्ये बसवले आणि इंजिनाची उंची वाढली. चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला महिंद्रानं विलिसच्या जीप जोडायला घेतल्या. अमेरिकेत ३बी १९६८ मध्ये थांबली, आपल्याकडं पुढं कितीतरी वर्षं बनत राहिली. मग डिझेलचा जमाना आला. १९८५ ची एमएम ५४० प्यूजोच्या २११२ सीसी डिझेल इंजिनावर धावायची.

या सगळ्या खानदानाचं मोठं वैशिष्ट्य असं, की एकाचं दुसऱ्याला बसतं. पन्नास सालचं आणि नव्वद सालचं यांच्यात बरंच काही थोड्याफार फेरफारानं जुळतं. जीप इतकी टिकली ती यामुळंच, आणि तिचा खेळखंडोबा झाला तोही यामुळंच. कारण 'बसतं' आणि 'जुळतं' यांत फरक आहे, आणि हा फरक पान्याला कळत नाही.

माझ्या जीपचं पेट्रोल इंजिन जाऊन डिझेल आलेलं होतं. त्याची नोंद आरसी बुकात रीतसर होती, नाहीतर मी तिला हात लावला नसता. (गाडी घेताना सगळ्यात आधी इंजिन आणि चासीचे नंबर कागदाशी ताडून पाहावेत. कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीत लिहिलेल्या तपशिलाला छेद जाईल असे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. आधीच्या मालकानं केलेला बदल पासिंगच्या वेळी तुमच्याच गळ्यात पडतो.) पण इंजिनाबरोबर आणखी एक गोष्ट आली होती, जिची नोंद कुठंच नव्हती: मागचा ॲक्सल दुसऱ्या, अलीकडच्या जीपचा होता.

जीपच्या गिअरबॉक्सच्या पाठीला ट्रान्सफर केस असते. तिथून एक शाफ्ट मागं जातो, एक पुढं. फोर बाय फोरची दांडी टाकली, की हे दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट जखडले जातात. मध्ये डिफरन्शियल नाही, काहीच ढिलाई नाही. मागचा शाफ्ट जितके फेरे घेईल तितकेच पुढचा घेणार. प्रत्येक ॲक्सलमध्ये क्राऊन आणि पिनियन असतात. शाफ्टच्या अनेक फेऱ्यांचा चाकाचा एक फेरा ते करतात. जुन्या सीजेमध्ये हे प्रमाण ५.३८ असतं, म्हणजे पिनियनला ८ दात आणि क्राऊनला ४३. नंतरच्या काही जीपमध्ये ते ४.८८ आहे, म्हणजे ८ आणि ३९. बाहेरून दोन्ही ॲक्सल सख्ख्या भावांसारखे दिसतात. पाट्यांवर बसतात, यू-बोल्ट लागतात, शाफ्ट जुळतो. गाडी दोन चाकांवर चालवली तर जन्मभर कळणार नाही.

पण पुढं ५.३८ आणि मागं ४.८८ असेल, तर तेवढ्याच शाफ्टच्या फेऱ्यांत मागची चाकं १०० मीटर जाऊ पाहतात आणि पुढची ९१ मीटरही नाही. उरलेल्या नऊ मीटरचा हिशेब कुठंतरी चुकवावाच लागतो. चिखलात चाकं घसरून तो चुकवतात. डांबरावर टायर घासतात, दोन्ही शाफ्ट पीळ घातल्यासारखे ताणले जातात, ट्रान्सफर केसची दांडी परत ओढली तरी सुटत नाही, आणि शेवटी सगळ्यात कमजोर जे असेल ते तुटतं. आधीच्या मालकाला हे गणित माहीत नसावं, पण गाडी अडखळते हे त्याच्या बुडाला कळत होतं. त्यानं पुढचा शाफ्ट काढून गोणपाटात ठेवला, आणि त्याच्यापुरता प्रश्न मिटला. चुकीचं उत्तर, पण त्यामुळं ट्रान्सफर केस वाचली. मी त्याचा ऋणी आहे.

हे प्रमाण ॲक्सल न उघडता मोजता येतं. एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर, गिअर न्यूट्रल. जॅकवरचं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजायचे. दोनच का, तर एक चाक अडलेलं असताना डिफरन्शियल फिरत्या चाकाला दुप्पट वेग देतं. म्हणून चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक. पुढच्या ॲक्सलला शाफ्ट नव्हताच, म्हणून पिनियनच्या फ्लँजवर खूण केली: पाच फेरे आणि वर एक तृतीयांशाहून जरा जास्त. मागं पाचाला थोडे कमी. मी तीनदा मोजलं, कारण पहिल्यांदा मलाच पटेना.

हे करताना एक धोका आहे आणि तो पुस्तकात वाचलेला असूनही मी विसरलो होतो. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागं, शाफ्टवर, एक छोटा ड्रम असतो. हँडब्रेक त्याला धरतो. मागचं एक चाक उचललं, की डिफरन्शियलमुळं शाफ्ट धरलेला असूनही जमिनीवरचं चाक पुढं-मागं फिरू शकतं. उचललेलं चाक नुसतं उलटं फिरतं. हँडब्रेक ओढून निवांत गाडीखाली शिरणाऱ्याच्या अंगावर जीप जॅकवरून घसरू शकते. उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय आणि जॅकच्या जोडीला स्टँड दिल्याशिवाय खाली जायचं नाही.

डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर ओढतं, म्हणून मागचं ४.८८ तसंच ठेवून पुढचं बदलायचं ठरवलं. जुन्या पार्टांच्या बाजारात तीन चकरा झाल्या. दुकानदार प्रमाण सांगतो त्याच्यावर न जाता दात मोजायचे. क्राऊन-पिनियन बसवणं हे मात्र घरच्या अंगणातलं काम नाही. पिनियन किती आत, क्राऊन किती बाजूला, हे थाऊच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या, हिशेबात शिम घालून जमवावं लागतं. आमच्या मिस्त्रींनी दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावला, पिनियन फिरवला, आणि दातांवर उमटलेला ठसा बघत बसले. ठसा दाताच्या टोकाकडं गेला तर एक शिम घाल, मुळाकडं गेला तर काढ. चार वेळा उघडलं. पाचव्या वेळी ठसा मधोमध आला, तेव्हा ते फक्त "हं" म्हणाले.

मग गोणपाटातला शाफ्ट काढून लावला. आता फोर बाय फोर लागत होतं, सुटत होतं. पण चाळीसच्या पुढं वेग नेला की मागून एक घरघर सुरू व्हायची आणि पायाखालचा पत्रा थरथरायचा. इथं पुन्हा आधीच्या मालकाच्या खुणा सापडल्या. इंजिनाची माउंटिंग नवी, गिअरबॉक्सखालचं रबर नवं, मागच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस नवे. म्हणजे ही घरघर त्यालाही छळत होती आणि त्यानं तिच्यापायी बरेच पैसे घातले होते.

शाफ्टच्या दोन टोकांना असतो तो क्रॉसचा जोड यंत्रशास्त्रातला जुना पाहुणा आहे. सोळाव्या शतकातल्या इटालियन पंडित कार्डानोचं नाव त्याला चिकटलं आहे, आणि सतराव्या शतकात रॉबर्ट हूकनं त्याच्यावर लिहिलं. त्याचा एक दोष आहे. जोड वाकलेला असेल, तर एका बाजूचा शाफ्ट एकसारखा फिरत असूनही दुसऱ्या बाजूचा एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. कोन २० अंशांचा असेल तर हा चढउतार सुमारे सहा टक्क्यांचा. म्हणून शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा जोड देतात; पहिल्यानं केलेली चूक दुसरा उलटी करून परत फेडतो. त्यासाठी एक अट: शाफ्टच्या दोन्ही टोकांचे यॉक एका रेषेत हवेत. शाफ्ट मधल्या स्प्लाइनवर दोन तुकड्यांत सुटतो. जोडताना एक-दोन दात इकडंतिकडं झाले, की दुसरा जोड चूक फेडायच्या ऐवजी आणखी कर्ज चढवतो. बरेचसे शाफ्ट या ठिकाणी बाणाच्या खुणा घेऊन येतात. माझ्या मागच्या शाफ्टवरच्या खुणा ग्रीसच्या थराखाली होत्या, आणि त्या एकमेकींसमोर नव्हत्या. शाफ्ट काढला, स्प्लाइन ओढली, दोन दात फिरवून परत घातली. अर्ध्या तासाचं काम, खर्च शून्य. घरघर गेली. इतके नवे सुटे भाग घालून जे झालं नाही ते दोन खुणा समोरासमोर आणून झालं, याचा मला आनंद झाला हे खरं. पण त्या माणसानं तीन वेगवेगळ्या गॅरेजात विचारलं असेल आणि प्रत्येकानं त्याला एकेक नवा भाग विकला असेल, असंही मनात आलं.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मला त्याचा राग आला, अजूनही येतो. खरं तर गाडी घरी आल्यावर पहिलं काम ब्रेकचंच करायला हवं होतं. पुढच्या शाफ्टच्या गूढात मी गुंतलो ही माझी चूक. पॅडल सोडलं तरी चाकं धरून राहायची. मागच्या डाव्या चाकाकडं जाणारी नळी बघितली, तर ती हातोड्यानं चेपून बंद केलेली. त्या चाकाचा ब्रेक जाम होत होता, म्हणून त्यानं तो ब्रेकच काढून टाकला! या जीपला ब्रेकची एकच लाइन असते. एक नळी फुटली तर चारी चाकं गेली.

जाम होण्याचं कारण डबीतल्या तेलात होतं. आपण सगळेच 'ब्रेक ऑइल' म्हणतो आणि त्या नावानंच घात केला आहे. ते ऑइल नसतंच. डॉट ३ किंवा डॉट ४ जातीचं ते द्रव्य ग्लायकॉलच्या घराण्यातलं, आणि ब्रेकमधले रबरी कप त्याच द्रव्याला सोसतील अशा रबराचे. त्यात कुणी इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिकचं तेल ओतलं, की रबर तेल पिऊन फुगतं. मास्टर सिलेंडरमधलं तेल परत जायचं बारीक भोक फुगलेल्या कपानं झाकलं जातं, दाब सुटत नाही, ब्रेक लागून राहतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: डबीतले चार थेंब पाण्याच्या पेल्यात टाका. खरं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. खनिज तेल वर तरंगतं. माझ्या पेल्यात तवंग आला. अशा वेळी नुसतं तेल बदलून भागत नाही. मास्टर सिलेंडर, चारी चाकांचे सिलेंडर, रबरी होज, जिथं जिथं रबर आहे ते सगळं नवं. नळ्या धुऊन काढायच्या किंवा बदलायच्या. आधीच्या मालकानं एके ठिकाणी फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी वापरली होती. वाकवायला ती सोपी, पण तांबं सतत थरथरलं की कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं. ब्रेकला पोलादी नळी हवी, किंवा त्यासाठीच बनवलेली तांबं-निकेलच्या मिश्रधातूची. आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं डॉट ३ निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी प्यालेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. घाटात उतरताना नळीत वाफ झाली तर पॅडल जमिनीला टेकतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावं.

आट्यांचं प्रकरण किरकोळ वाटतं, पण माझे सगळ्यात जास्त तास तिथंच गेले. विलिस घराण्याची गाडी इंचातली. आपले मिस्त्री तिचे बोल्ट सुतात सांगतात, अडीच सूत, तीन सूत. नंतर आलेले भाग मिलिमीटरमध्ये. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आणि बाजारातला आठचा बोल्ट ८ मिलिमीटर. डोळ्याला फरक दिसत नाही. पण आट्यांमधलं अंतर वेगळं: बारीक आट्याच्या अडीच सुतीला १.०६ मिलिमीटर, आठच्याला सर्रास १.२५. नट दोन-तीन आटे गोडीनं जातो, मग अडतो. तिथं थांबून बोल्ट बदलायचा, की लांब पाना लावून जोर करायचा? उत्तर माझ्या जीपच्या प्रत्येक ब्रॅकेटवर लिहिलेलं होतं. आणि जोर करूनही जिथं जमलं नव्हतं, तिथं वेल्डिंगचा एक ठिपका देऊन विषय कायमचा संपवलेला. आटे मोजायची साधी पट्टी खिशात असती तर हे काहीच घडलं नसतं.

डाव्या चाकांचे नटही असेच बळी पडलेले. जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. चाक फिरून नट सुटू नये म्हणून ही तजवीज होती. हे माहीत नसलेला माणूस नट सोडवायला जातो आणि आवळतच राहतो. नळी लावतो, पान्यावर उभा राहतो, शेवटी स्टड मुळातून तुटतो. माझ्या डाव्या पुढच्या चाकाला पाचपैकी तीनच स्टड होते आणि त्यातला एक सुलट्या आट्याचा.

चासीवर स्टिअरिंग बॉक्सजवळ एक पत्र्याचा तुकडा उभाच्या उभा वेल्ड केलेला होता, वेल्डिंग म्हणजे कावळ्यानं शिटावं तसं. तुकड्याच्या कडेला लागूनच नवी चीर गेली होती. याचं कारण असं, की वेल्डिंगच्या कडेचं पोलाद तापून-थंडावून ठिसूळ होतं, आणि आडव्या पट्टीवर ठिगळाची उभी, सरळ कड म्हणजे ताण एकाच रेषेत गोळा करण्याची सोयच. चीर बुजवण्याआधी तिच्या टोकाला बारीक भोक पाडतात, म्हणजे ती पुढं पळत नाही. मग ठिगळाची कडा माशाच्या उघड्या तोंडासारखी तिरकी कापतात, म्हणजे ताण लांबवर वाटला जातो. पण इथंही आधी विचारायचं, चीर गेली कशानं? गाडी उंच दिसावी म्हणून त्यानं पुढच्या पाट्यांना लांब शॅकल घातली होती. या जीपच्या पुढच्या पाट्यांची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांब केली, की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं आणि सबंध ॲक्सल पुढच्या अंगाला कलतो. सायकलचा चिमटा तिरका असतो म्हणून हात सोडले तरी ती थोडा वेळ सरळ जाते. तो तिरकेपणा म्हणजे कॅस्टर. जीपला तो तीन अंशांचा दिलेला असतो. इथं तो जवळपास संपला होता. खड्डा लागला की पुढची चाकं डावी-उजवी थडथडायची आणि तो सगळा मार स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांमधून चासीवर. मूळ मापाची शॅकल घातली, थडथड गेली, मग चासीचं वेल्डिंग केलं. उलट क्रमानं केलं असतं तर चीर पुन्हा आलीच असती.

बाहेरच्या पत्र्यावर फार बोलत नाही. लोहचुंबक घेऊन बाजूनं फिरलो; चार ठिकाणी तो चिकटेना. लांबी भरून रंग मारलेला. ती पुट्टी दगडासारखी वाटली तरी ओल धरते, आणि आतला गंज बाहेर न दिसता वाढत राहतो. एके ठिकाणी पुट्टीची जाडी माझ्या अंगठ्याएवढी निघाली आणि मागं पत्रा नव्हताच. वर्तमानपत्राचा बोळा होता.

वायरिंगचा मात्र एक हिशेब सांगितला पाहिजे, कारण रात्री जीप चालवणाऱ्या प्रत्येकाची ही तक्रार असते. दिवे मिणमिणे म्हणून त्यानं जास्त वॅटचे बल्ब घातले होते. दिवे उजळले नाहीत, होल्डर मात्र वितळले. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे नऊ अँपिअर ओढतात. जुनाट स्विच, टेप गुंडाळलेले सहा जोड आणि गंजलेलं अर्थिंग मिळून जेमतेम एक दशांश ओहमचा अडथळा झाला, तरी एक व्होल्टच्या आसपास वाटेतच खलास. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या बरोबरीनं नाही, त्याच्याहून किती तरी झपाट्यानं घटतो: १२ चे ११ व्होल्ट झाले तर उजेड सुमारे पाऊणपटीवर येतो. मोठा बल्ब जास्त प्रवाह ओढतो, वाटेत आणखी व्होल्ट गमावतो आणि स्विच तापवतो. उपाय बल्बमध्ये नव्हता, वाटेत होता. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर थेट दिव्यापर्यंत, मध्ये रिले, आणि जुन्या स्विचनं फक्त रिले चालवायचा. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घातलेली होती, तिच्याबद्दल मी काही लिहीत नाही.

सगळ्यात शेवटी ट्रान्सफर केसचा तळ उघडला. खाली रोज तेलाचं थारोळं साचायचं; तळाच्या झाकणाचं गॅस्केट गेलं असणार असं मी धरून चाललो होतो. झाकण उतरवलं. गॅस्केट जाडसर, गुळगुळीत कागदाचं होतं, तेलानं तपकिरी झालेलं. पुसल्यावर अक्षरं दिसली: 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. लग्नपत्रिका. एका भोकाच्या कडेनं 'चि. सौ. कां.' अर्धवट कापलं गेलं होतं, तारखेचा फक्त वैशाख उरला होता. लग्नसराईत, बहुधा वऱ्हाड न्यायच्या आदल्या रात्री, कुणीतरी ही केस उघडून पुन्हा बंद केली होती.

मी आधी हसलो, मग कडा बघितल्या. पत्रिका झाकणावर ठेवून छोट्या हातोडीनं कडेकडेनं ठोकत जायचं, म्हणजे धातूची धारच कागद कापते. भोकांवर गोलमुखी हातोडीचा एकेक ठोका. हे काम तसं केलेलं होतं. एकही भोक चुकलेलं नव्हतं, कुठं फाटलेलं नव्हतं, आणि गॅस्केटची बाहेरची बाजू कोरडी ठणठणीत होती. तेल झिरपत होतं ते वर, मधल्या शाफ्टच्या मागच्या टोकातून. तिथं तेलबंद मसाला लावायचा राहिला होता. तो लावला. झाकणासाठी गॅस्केटचा नवा कागद आणला, त्याच्यावर पत्रिका पसरली, आणि तिच्या कडेनं पेन्सिल फिरवली.